दिवेलागणीनंतरची शाळा

खेड्यांतल्या कामकरी मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग भरवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग १९७९ मध्ये पुणे जिल्ह्यात सुरू झाला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेने डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली तो हाती घेतला. दिवसभर गुरे राखणारी, शेतात राबणारी, घरात धाकटी भावंडे सांभाळणारी नऊ ते चौदा वर्षांची मुले त्यात दिवेलागणीनंतर दोनेक तास शिकत. रात्रशाळा तोवर महाराष्ट्राला नवी राहिली नव्हती. तिला सव्वाशे वर्षे होत आली होती. पण ती मुख्यतः शहरात रुजली, आणि ज्याच्या कामाला मजुरी होती त्याच्यासाठी रुजली. बिनमजुरीच्या कामात अडकलेले खेड्यातले मूल, त्यातही मुलगी, रात्रशाळेच्या हिशेबात फार उशिरा आले.

शाळेबाहेरचे मूल रिकामे नसते. मावळ तालुक्यातले शेतीचे वर्ष डोळ्यांपुढे आणले की हे नीट कळते. आंद्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्यांच्या खोऱ्यांतली इथली गावे आजही अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा जुन्या नावांनी ओळखली जातात. लोणावळ्याच्या बाजूला पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि सगळी शेती भाताभोवती फिरते. चैत्र-वैशाखात राब भाजायचा असतो. रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि तोडलेल्या फांद्या पसरून, वर थोडी माती टाकून ते पेटवून देतात. तो पाला आणि ते शेण गोळा करण्यात पोरांचे कितीतरी दिवस जातात. आषाढात लावणी येते. चिखलणी झाली की घरातले झाडून सारे खाचरात उतरतात. रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या, त्या लावणाऱ्यांच्या हाताशी नेऊन टाकायच्या, ही कामे लहान हातांना चांगली जमतात. तान्हे मूल ज्या मुलीच्या कडेवर दिलेले असते, ती त्या दिवसांत शाळेचे तोंडही पाहत नाही. लावणी संपली की गुरांची राखण. उभ्या पिकात जनावर शिरले तर तंटा चावडीपर्यंत जातो, म्हणून गुरांमागे कोणीतरी सतत लागतेच, आणि घरातला कर्ता माणूस त्यासाठी मोडता येत नाही. कार्तिकात कापणी आणि झोडणी. म्हणजे वर्षातला असा एकही हंगाम नाही की ज्यात मुलाचा हात लागत नाही.

हे झाले ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचे. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत मुले म्हशींमागे असतात. कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात तेव्हा सारा संसार उचलूनच जातात, आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याच्या निम्म्याहून अधिक काळ त्यांचे मूल गावातच नसते. लोणावळा-खंडाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे द्रोणांत भरून पर्यटकांना विकायची, पावसाळ्यात रस्त्याकडेला कणसे भाजायची, हॉटेलांत कपबश्या विसळायच्या, बंगल्यांत झाडलोट करायची. शाळेची वेळ सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळी पाच. गुरे रानात असतात ती हीच वेळ, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर असते तीही हीच. मुलाचे नाव पटावर असते, मूल मात्र रानात असते. शिक्षण खात्याच्या भाषेत याला गळती म्हणतात. त्या शब्दाने दोष मुलाकडे जातो. शाळेच्या घड्याळाकडे फारसे कोणी पाहत नाही.

घड्याळाकडे पाहणारे पहिले लोक पुण्यातले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. १८५५ मध्ये त्यांनी दिवसभर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. कष्टकऱ्याला शिकायचे असेल तर शाळेने त्याच्या सवडीला यायचे, हा विचार या शाळेत प्रथम कृतीत आला, आणि स्त्रियांना त्यात पहिल्यापासून जागा होती. पुढच्या अनेक रात्रशाळांमध्ये ती जागा राहिली नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवायला हवे.

मुंबईत प्रार्थना समाजाने १८७६ पासून मजुरांसाठी रात्रशाळा चालवल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. अस्पृश्य मानलेल्या समाजात दिवसाच्या शाळांबरोबर रात्रीच्या शाळाही लागतील, हे त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने गिरणगावात रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. गिरणीचे भोंगे, पाळ्या आणि चाळीतले जीवन यांच्याशी जुळवून घेत मुंबईची रात्रशाळा वाढली. पुढे रात्रीची हायस्कुले आली आणि दिवसा हमाली, खानावळ, छापखाना असे काही करून रात्री मॅट्रिक झालेल्या माणसांची एक पिढीच मुंबईत तयार झाली.

या पिढीत घाटावरची मुले पुष्कळ होती. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातून मुंबईला कामासाठी जाण्याची रीत जुनी आहे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने याच तालुक्यांतले. घरातला एक मुलगा मुंबईला गेला की त्याला निदान रात्रशाळेचे दार दिसे. त्याची बहीण गावातच राही. ती पहाटेपासून शेण, पाणी, सरपण, गुरे आणि भावंडे यांच्यामागे असे, पण तिच्या कामाला मजुरी नव्हती, म्हणून ती कामगार नव्हती, आणि कामगार नव्हती म्हणून तिच्यासाठी रात्रशाळाही नव्हती.

कायद्यांचीही नजर अशीच होती. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांच्या कामावर नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या मुलांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा अशी सोय केली होती. कारखान्याला भिंती असतात, हजेरीबुक असते, तिथे निरीक्षक जाऊ शकतो. रानात गुरांमागे फिरणाऱ्या मुलाला ना हजेरीबुक, ना मालक. त्याचा मालक त्याचा बापच, आणि बापही तेवढाच पिचलेला.

इथे लोणावळ्याचा एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे टाटांनी धरणे बांधून घाटाखाली खोपोलीला वीजगृह उभारले आणि १९१५ पासून मावळच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. धरणांच्या आसपासच्या खेड्यांत मात्र त्यानंतर कित्येक दशके रात्र रॉकेलच्या दिव्यावरच काढली जात होती. संध्याकाळच्या शाळेला आधी उजेड लागतो. खेड्यात ती उशिरा आली, याच्या कारणांत हे साधे कारणही मोजले पाहिजे.

सक्तीच्या शिक्षणाची मागणीही पुणे परिसरातूनच जोराने झाली होती. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मांडले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, ते नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि त्यासाठी दरबारचा पैसा उभा केला. मुंबई इलाख्यात १९१८, १९२३ आणि १९४७ असे कायदे होत गेले. राज्यघटनेने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. ही परंपरा थोर आहे. पण हे सारे कायदे शाळा उघडण्याविषयी आणि मुलाला तिथे पाठवण्याविषयी बोलत होते. मूल शाळेत गेले तर गुरे कोणी पाहायची, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते.

त्याचे पहिले खरे उत्तर ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी आणि कोसबाड येथे शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी झालेले हे काम गरिबांपर्यंत न्यायचे ठरवून त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. बालवाडी काढली तर वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी हे नाव तिथून आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झाले, तेव्हा सहा-सात वर्षांपुढची मुले गुरांमागे जातात असे दिसले. मग शिक्षक गुरांच्या कुरणात गेले. दगड, बिया, पाने, काड्या हेच मोजण्याचे साहित्य, आणि गुरे नजरेच्या टप्प्यात चरत असताना जेवढा वेळ मिळेल तेवढा वर्ग. ही कुरणशाळा. ज्यांना दिवसा तेवढीही सवड नव्हती त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. धाकट्या भावंडांमुळे थोरली बहीण अडकू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा विकासवाडीचा प्रयोगही इथलाच. मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर मूल आहे. तर त्या मुलाचीही सोय शाळेने करावी, इतका सरळ विचार त्यामागे होता. ताराबाई आणि अनुताईंच्या बालशिक्षणाचा गौरव महाराष्ट्राने केला. मुलाच्या कामाची वेळ आणि जागा मान्य करून त्यांनी शिक्षणाची रचना बदलली, त्यांच्या कामाची ही बाजू मात्र कमी सांगितली जाते.

याच काळात प्रौढ साक्षरतेची मोठी लाट येऊन गेली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम सगळ्या महाराष्ट्रात पसरली. गावेच्या गावे रात्री कंदील लावून बसली, गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. संध्याकाळी शिकण्याची सवय आणि त्याविषयीची आपुलकी खेड्यात रुजली ती या मोहिमेमुळे. पण ती होती मोठ्यांसाठी. मुलांसाठी शाळा आहेच, असे त्यात गृहीत धरलेले होते. १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, वाड्या-वस्त्यांपर्यंत शाळा पोचू लागल्या, आणि शाळा जवळ आली तरी मूल येत नाही हे अधिक ठळक दिसू लागले.

जे. पी. नाईक यांनी याची मीमांसा केली. मूळचे कोल्हापूरकडचे नाईक स्वातंत्र्यलढ्यातून शिक्षणाकडे आले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी आयुष्याची महत्त्वाची वर्षे घातली, आणि पुढे ते १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. भारतीय शाळाव्यवस्थेच्या तीन गोष्टी गरीब मुलाला बाहेर ठेवतात, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली, प्रवेश एकाच वयाला आणि एकाच इयत्तेत. सहाव्या वर्षी जो आला नाही त्याला दहाव्या वर्षी लहानग्यांत बसण्याची लाज वाटते, आणि मग तो येतच नाही. दुसरी, वर्षाला एक इयत्ता अशी सरळ शिडी. मध्ये एक हंगाम चुकला की पाय निसटला. तिसरी, शिक्षण पूर्णवेळच आणि पेशाने शिक्षक असलेल्यांकडूनच. या तिन्ही अटी सैल केल्याशिवाय सार्वत्रिक शिक्षण होणार नाही, असे ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. मधूनच कोणत्याही वयात प्रवेश, अर्धवेळ शिक्षण आणि गावातलाच शिकवणारा, हा त्यांचा उपाय. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली, तेव्हा हा विचार गावात उतरवून पाहण्याची जागा मिळाली.

तो उतरवला चित्राताईंनी. त्याही गारगोटीच्या कामातून तयार झालेल्या. महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक म्हणून त्यांनी खात्याचे यंत्र आतून पाहिले होते. फतवा निघाला म्हणजे शाळा बदलत नाही, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत काम सुरू झाले ते गावकऱ्यांच्या बैठकांनी. कोणती मुले शाळेत नाहीत, ती काय करतात, केव्हा मोकळी होतात, वर्ग कुठे भरवायचा आणि शिकवणार कोण, हे गावाने ठरवायचे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच आले. गुरे गोठ्यात बांधून झाली, दोन घास पोटात गेले, की मग वर्ग.

वर्ग शाळेच्या खोलीत भरे, नाहीतर देवळात, चावडीवर, कोणाच्या पडवीत. मध्ये कंदील आणि त्याच्याभोवती गोल. सर्वांनी फळ्याकडे तोंड करून बसायचे तर उजेड पुरत नाही, त्यामुळे लहान गट करून बसणे हे तत्त्व म्हणून जसे योग्य होते तसेच गरजेचेही होते. गटात ज्याला येते त्याने दुसऱ्याला सांगायचे. दहा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलाला हातचा घेऊन वजाबाकी समजावते आहे, असे तिथे घडू शकत होते, कारण इयत्ता नव्हत्या आणि म्हणून वयाची लाजही नव्हती. शिकवणारा गावातलाच, थोडेफार शिकलेला तरुण किंवा तरुणी. दिवसा स्वतःची शेती किंवा घर पाहायचे आणि रात्री वर्ग घ्यायचा. प्रशिक्षण एकदाच लांबलचक देण्याऐवजी थोड्या थोड्या दिवसांचे आणि पुन्हा पुन्हा होई. प्राथमिक चौथीपर्यंतचा अभ्यास साधारण दोन वर्षांत उरकेल अशा बेताने पाठ तयार केलेले. हे शक्य होते, याचे कारण मुले मोठी होती. बाजारात हिशेब करणाऱ्या, किती पायल्या भात झाले हे ठाऊक असलेल्या मुलाला संख्या नवी नसते. तिची खूण तेवढी नवी असते.

परीक्षेच्या जागी बालजत्रा आली. आसपासच्या वर्गांतली मुले एका गावात जमत. वाचून दाखवणे, गणिते सोडवणे, गाणी, खेळ, गोष्ट रचून सांगणे हे सारे चारचौघांत होई, आणि ज्या गावात जत्रा भरे ते गाव पाहुण्यांची सोय करी. जत्रा खेड्याला ठाऊक असते, तिथे जाण्याची भीती नसते. आपली पोरगी धडाधडा वाचते आहे हे आईबापांनी प्रथम पाहिले ते अशा ठिकाणी. प्रगतिपुस्तक निरक्षर बापाला वाचता आले नसते.

वर्गांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त भरली. प्रयोगाचा सर्वांत मोठा निष्कर्ष हाच, आणि तो आजही पुरेसा पचलेला नाही. मुलींना शिकवायला खेड्यातले आईबाप राजी नसतात, असे तोवर सरसकट म्हटले जाई. वर्ग घराजवळ, काम आटोपल्यावर, ओळखीच्या माणसाकडे आणि लहान भावाला बरोबर घेऊन येण्याची मुभा, एवढे जमल्यावर त्याच आईबापांनी मुली पाठवल्या. नकार बराचसा शाळेच्या वेळेला होता. शिक्षणाला नकार होता तो त्याहून पुष्कळ कमी निघाला. १८५५ च्या पुण्यातल्या शाळेत स्त्रीला असलेली जागा सव्वाशे वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत मुलींना मिळाली.

अडचणी कमी नव्हत्या. लावणीत वर्ग ओस पडत. मुले खाचरातून आली की बसल्या जागी डुलक्या घेत. दिवसभर राबलेल्या शरीराला रात्री दोन तास अक्षरांत गुंतवणे सोपे नाही, आणि संध्याकाळच्या शाळेचे कौतुक करताना या थकव्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. चौथीच्या पातळीला पोचलेल्या मुलाने पुढे काय करायचे, हाही प्रश्न होता. काही पाचवीत दाखल झाली. त्यांच्यासाठी पुन्हा तीच दिवसाची वेळ उभी राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हेच काम प्रोपेल या नावाने विस्तारले. युनिसेफचे साहाय्य मिळाले, नियमित शाळा, बालवाडी आणि संध्याकाळचे वर्ग यांचा एकत्र विचार होऊ लागला, गावोगावच्या ग्रामशिक्षण समित्यांकडे अधिक जबाबदारी आली.

असे प्रयोग इतरत्रही चालू होते. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने १९७५ पासून गुराखी मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या आणि त्यांच्या देखरेखीसाठी मुलांचीच निवडून दिलेली संसद उभी केली. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८५ मध्ये दिवसाला थोडेच तास चालणाऱ्या एका खोलीच्या गावशाळा सुरू केल्या. त्यांतही मुलींना अग्रक्रम होता.

केंद्र सरकारने अनौपचारिक शिक्षणाची योजना १९७९-८० पासून शैक्षणिकदृष्ट्या मागास राज्यांत सुरू केली, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला मोठे स्थान दिले. प्रयोगातला जीव योजनेत उतरला नाही. गावाशी बोलण्यात जे महिने जात ते योजनेला परवडणारे नव्हते. केंद्रांची संख्या मोजली जाऊ लागली. मानधन तुटपुंजे आणि तेही उशिरा, रॉकेलचा आणि पाटी-पुस्तकांचा पुरवठा अनियमित. कित्येक केंद्रे कागदावरच उजळत राहिली. १९८६ मध्येच झालेल्या बालकामगार कायद्याने काही धोकादायक उद्योगांत मुलांना मनाई केली आणि बाकीच्या ठिकाणी कामाचे नियमन केले. म्हणजे एक कायदा मुलाचे काम चालू राहील असे धरून चालला होता आणि दुसरे धोरण त्या कामानंतरच्या शिक्षणाची सोय करत होते.

यावर कठोर टीका झाली आणि ती योग्य होती. गरिबांसाठी वेगळा, हलका, समांतर प्रवाह काढणे म्हणजे समान शिक्षणाचा हक्क सोडून देणे, असे अनिल सदगोपाल यांनी सातत्याने मांडले. अमेरिकन अभ्यासक मायरन वायनर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात असा निष्कर्ष काढला की भारतात बालमजुरी टिकते ती केवळ दारिद्र्यामुळे नव्हे. गरिबाचे मूल काम करणारच, हे शिकलेल्या वर्गाने मनोमन मान्य केले आहे, म्हणून सक्ती होत नाही. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशन यांनी उलट वाट धरली. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालमजूरच समजायचे, त्याला कामातून पूर्ण सोडवायचे, निवासी शिबिरात तयारी करून घ्यायची आणि दिवसाच्या नियमित शाळेतच बसवायचे. तिथल्या गरीब आईबापांनीही मुले पाठवली. पुणे जिल्ह्यातला अनुभव आणि रंगारेड्डीतला अनुभव वरवर परस्परविरोधी दिसतात. दोन्हींनी सिद्ध केले ते मात्र एकच: गरीब आईबापांना शिक्षण हवे असते. फरक एवढाच की १९७९ मध्ये पुण्याच्या कार्यकर्त्यांच्या हाती कायद्याचे बळ नव्हते. समोर बारा वर्षांची मुलगी उभी असताना कायदा होईपर्यंत थांबा असे तिला सांगणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचा तो निर्णय आजच्या मोजपट्टीनेही चुकीचा ठरवता येत नाही.

नव्या शतकात अनौपचारिक केंद्रे बंद होत गेली. त्यांच्या जागी महाराष्ट्रात वस्तीशाळा आल्या. स्थलांतरित मुलांसाठी वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा आणि कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेने बांधकामांच्या जागी वर्ग नेले. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला पूर्णवेळ शाळा हा त्याचा हक्क झाला. मोठ्या वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागचा अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, ही तरतूद त्यात आहे. नाईकांनी सांगितलेली मधूनच प्रवेशाची कल्पना कायद्यात आली ती अशी. दिवसभर काम आणि रात्री शाळा या व्यवस्थेला मात्र त्या वयासाठी कायदेशीर आधार उरला नाही. मुंबई-पुण्यातल्या रात्रशाळा चालू आहेत, पण त्या मुख्यतः मोठ्या मुलांच्या आणि तरुणांच्या. चित्राताईंचे २०१० च्या डिसेंबरमध्ये, कायदा अमलात आल्यावर काही महिन्यांनी, पुण्यात निधन झाले.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवण्यास बंदी झाली. घरच्या कामात आणि घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत मदत करण्याची सूट ठेवली गेली. जुन्या वर्गांच्या काळात दिवसा काम आणि संध्याकाळी शाळा होती. आता दिवसा शाळा आणि संध्याकाळी काम. अभ्यासाला लागणारे नेमके तेच तास पुन्हा कामाच्या वाट्याला आले आहेत. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे तिथे संध्याकाळी अभ्यास घेणारे कोणी नसते. म्हणून गावातल्या समाजमंदिरात किंवा शाळेच्याच खोलीत भरणाऱ्या संध्याकाळच्या अभ्यासिकांची गरज मावळात आणि इतरत्रही टिकून आहे. तिथे येणारी मुले आता पटावरची असतात, सकाळी गणवेशात शाळेत गेलेली असतात. कातकरी वस्त्यांतली आणि हॉटेलांच्या मागच्या खोल्यांतली मुले अजूनही कित्येकदा या दोन्ही ठिकाणी नसतात. हंगाम लागला की त्यांची कुटुंबे भट्टीवर जातात, आणि त्यांच्यासाठी मूळ गावी हंगामी वसतिगृह किंवा कामाच्या जागी शाळा उभी करावी लागते.